एकशे वीस मोसंब्या

इंद्रायणीताई तीर्थपुरीत समुद्र शिकवतात.

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सांगणाऱ्याकडं नीट बघितलं. तो शुद्धीवर होता. तीर्थपुरीत मोसंबी आहे, कापूस आहे, ऊस आहे, आठवडी बाजार आहे. समुद्र चारशे किलोमीटरवर आहे. फार मागं कधी तो इथं होता का, असं मी नंतर ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "छे. आपण लाव्ह्याच्या थरावर बसलोत. समुद्राचा इथं बिलकुल संबंध न्हाई." आणि इतक्या आनंदानं हसल्या की मला खाली बसावं लागलं.

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला भूगोलात सागरविज्ञानाचा पेपर असतो. आमच्या कॉलेजात तो आठ जण घेतात. मी भूगोलाचा नाही. मी मराठीत एम.ए. झालो आणि घरी बसलो. एक दिवस झेरॉक्सच्या दुकानात ताई शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या हातातल्या कागदावर एक चूक दिसली, ती मी दाखवली. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडं बघितलं आणि पिशवीतले सगळे कागद माझ्या हातात दिले. तेव्हापासून आमची मैत्री. त्या अडतीसच्या, मी चोवीसचा. अशा मैत्रीला गावात नाव नाही. म्हणून मी ताई म्हणतो.

त्यांच्या तासाला मी एकदाच बसलो. टेबलावर काचेची पेटी होती, त्यात पाणी. एका टोकाला रसवंतीवरून आणलेला बर्फ. त्याला मीठ लावलेलं, वर निळीची पूड. निळा रंग बर्फापासून सुटला, खाली बसला आणि तळावरून सरपटत दुसऱ्या टोकाला निघाला.

"हा अंटार्क्टिका," ताई बर्फाकडं बोट दाखवून म्हणाल्या. "इथं बुडालेलं पाणी आता हजारेक वर्षं वर येत न्हाई."

मागच्या बाकावर आदिनाथ होता. मोसंबीवाल्यांचा मुलगा. तो म्हणाला, "मॅडम, मंग तोपर्यंत आमी जेवून येऊ का?"

"ये. पण हे पाणी वर येईल तेव्हा बघायला तुझी चाळिसावी पिढी असेल."

वर्ग हसला. मी हसलो नाही. मी त्या निळ्या रंगाकडं बघत होतो. घरी जाताना मला रस्ता हलल्यासारखा वाटला.

ताईंचं माहेर पिंपळगाव रेणुकाई. वडील रायभान मेंढपाळ. दीडशे मेंढरं घेऊन ते आठ महिने बाहेर असत. ताई लहानपणी त्यांच्या मागं फिरल्या. सोबत शाळेचा नकाशासंग्रह होता. त्यातलं भारताचं पान एका मेंढीनं खाल्लेलं. जगाचं पान शिल्लक होतं. त्यात निळाच रंग जास्त. ताई म्हणतात, "जे शिल्लक होतं ते शिकले."

त्या शिकत शिकत किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठापर्यंत पोचल्या. सागरविज्ञानात पहिल्या आल्या. मग संशोधनाच्या जहाजावर गेल्या. जहाज बंदरातून सुटलं आणि ताईंना उलट्या सुरू झाल्या. एकवीस दिवस थांबल्या नाहीत. नऊ किलो वजन गेलं. सगळी मोजमापं त्यांनी एका हातात बादली धरून केली आणि ती सगळी बरोबर निघाली. पुढच्या सफरीतही तेच. डॉक्टरांनी हात टेकले.

"मला समुद्र आवडतो," ताई म्हणतात, "त्याला मी आवडत न्हाई. मंग मी जागा शोधली. लांब, कोरडी, न हलणारी. इथनं तो बराबर दिसतो."

त्या साडीखाली खेळाचे बूट घालतात. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरतात. आणि त्या कॉलेजच्या संशोधन प्रकल्पांच्या समन्वयक आहेत.

हे काम कुणालाच नको होतं. नव्या अभ्यासक्रमात पदवीच्या पोरांनीही संशोधन करायचं, असं ठरलं. पोरांनी ते दोन दिवसांत केलं. त्रेचाळीस अहवाल आले. ताईंनी भाषा बघायला मला बोलावलं. एकतीस अहवालांचं नाव 'एक अभ्यास' असं संपत होतं. चार अहवालांत शेवटी आभार होते. 'माझी पत्नी हिने दिलेल्या साथीबद्दल.' चारही संशोधक अविवाहित होते. त्यातली एक शालू होती.

शालू सागरविज्ञानाच्या आठ जणांतली. बारीक आवाजाची, पहिल्या बाकावरची मुलगी. ताईंनी तिला ते पान वाचायला लावलं. ती वाचता वाचता थांबली. तिचे कान लाल झाले.

"तुझी पत्नी काय करते?" ताईंनी विचारलं.

"मॅडम, झेरॉक्सवाल्यानं तसंच छापून देल्तं."

"मला अहवाल नको. मला प्रश्न आण. ज्याचं उत्तर तुला खरंच माहीत न्हाई असा."

त्रेचाळीस अहवाल परत गेले. कॉलेजात हाहाकार झाला. आठवडाभरानं प्रश्न येऊ लागले. म्हैस पाण्यात बसून उठली की दूध वाढतं का. वाटूरच्या चौकात पोलीस असला की गाड्या जास्त खोळंबतात की नसला की. मी ते एका वहीत लिहून घेत होतो आणि माझं डोकं गरगरत होतं. इतकी वर्षं हे प्रश्न कुठं होते?

शालूनं विचारलं, "मॅडम, आमचं शेत कालव्यातून फुटलेल्या चारीच्या टोकाला हाय. कालव्याला पाणी सुटलं तरी आमच्याकडं दुसऱ्या दिवशी येतं. बाबा म्हणतात, मधले लोक अडवतात. मधले म्हणतात, पाण्यालाच वेळ लागतो. खरं काय?"

ताई खुर्चीवरून उठल्या. "हा समुद्राचा प्रश्न हाय," त्या म्हणाल्या.

"मॅडम, चारीचा हाय."

"प्रवाहात सोडलेली वस्तू किती वेळात कुठं पोचते, आणि एकत्र सोडलेल्या वस्तू किती पांगतात. समुद्रात आयुष्यभर हेच करतात. फक्त तिथं उलट्या होतात."

आठही जणांनी मिळून हाच प्रकल्प घ्यायचं ठरलं. त्याच दिवशी प्राचार्य काकासाहेबांनी ताईंना बोलावलं. मीही गेलो, कागद धरायला.

काकासाहेब रसायनशास्त्राचे डॉक्टर. भारदस्त माणूस. कॉलेजच्या वैज्ञानिक दृष्टिकोन मंडळाचे अध्यक्षही तेच. ते म्हणाले, "मॅडम, आठ पोरांसाठी पेपर चालवणं अवघड होऊन राह्यलं. पुढच्या महिन्यात विद्यापीठाची समिती येणार. तिनं तुमच्या पोरांचा प्रकल्प मान्य केला तर सागरविज्ञान राहील. न्हाई तर जूनपासून त्या जागी पर्यटनाचा पेपर."

"आणि मी?"

"तुम्ही पर्यटन शिकवा की. बीचबद्दल सांगा."

ताई बाहेर आल्या. जिना एकेक पायरीनं उतरल्या. मी असं त्यांना कधी बघितलं नव्हतं.

पाण्यावर काय सोडायचं, यावर दोन दिवस गेले. बाटलीला वारा लागतो. लाकूड अडकतं. आदिनाथ म्हणाला, "आमच्या बागेत गळ झालीय. मोसंबीचा सडा पडलाय. व्यापारी घेत न्हाई." ताईंनी एक मोसंबी बादलीत टाकली. ती जवळजवळ सगळी बुडाली, नुसतं डोकं वर राहिलं. वाऱ्याला पकडायला काही उरलं नाही. ताई त्या बादलीभोवती एक फेरी चालल्या.

एकशे वीस मोसंब्या निवडल्या. त्यांच्यावर नंबर टाकायला रायभानबाबा आले. मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा त्यांचा लाल रंग होता, तो पाण्यानं जात नाही. बाबांनी प्रत्येक मोसंबीवर आधी लाल पट्टा ओढला, मग शालूनं नंबर घातला.

"पट्टा कशाला, बाबा?" मी विचारलं.

"लांबून दिसाया पाहिजे. आकडा जवळून कळतो, पट्टा लांबून. तुमी मराठीवाले, तुमाला मेंढरू लांबून कुत्र्यावानी दिसत आसंल."

कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं होतं. अजून सातच दिवस पाणी राहणार होतं. पहिल्या दिवशी नुसता मोठा कालवा मोजायचा, चारी नंतर. सकाळी साडेआठला पुलावर सगळे जमलो. बाबा म्हणाले, "पोरी, आज अवस हाय."

ताईंचे डोळे चमकले. "व्हय बाबा. आज समुद्राला मोठी भरती."

बाबांनी लाल पट्ट्यांकडं एकदा बघितलं आणि पोतं मोकळं केलं. अमावस्येला लाल पट्टा ओढलेली पिवळी फळं आम्ही आठ गावांच्या पाण्यात सोडत होतो, आणि तिथल्या एकाही शिकलेल्या माणसाच्या ते ध्यानात आलं नाही.

मोसंब्या निघाल्या. एकशे वीस पिवळी डोकी. आधी पुंजका, मग लांबट, मग माळ. आदिनाथ काठानं पळत होता. ताईही पळत होत्या, साडी खोचून. दोन किलोमीटरवर पहिला थांबा. तिथं एकशे अठरा मोजल्या. शालूनं वेळ लिहिली. ताईंनी तिची पाठ थोपटली. पाच किलोमीटरवर दुसरा थांबा. तिथं तीन पोरं सकाळपासून पाण्याकडं बघत बसलेली.

एकही आली नाही.

अकरा वाजले. बारा वाजले. पाणी येत होतं. मोसंबी नव्हती. ताई पाण्याकडं बघत म्हणाल्या, "एकशे अठरा वस्तू एकदम नाहीशा होणं. हे समुद्रातसुद्धा मी ऐकलं न्हाई." त्यांच्या आवाजात भीती नव्हती. खरं सांगतो, आनंदच होता.

आम्ही काठानं मागं निघालो. चार किलोमीटरवर एक वस्ती आहे. तिथं कालव्यातून चारी फुटते. धुण्याच्या दगडावर बायका बसलेल्या. धुणं तसंच पडलेलं. मधोमध चांगुणाबाई उभ्या. सत्तरीच्या. हातात लांब बांबू.

"मावशी, इकडनं मोसंब्या गेल्या का?" ताईंनी विचारलं.

"तुमाला कशाला पाहिजे?"

"आमच्या हायेत."

बायका एकदम उठून दोन पावलं मागं सरकल्या. चांगुणाबाई सरकल्या नाहीत. "तुमी सोडल्या? अवसेला? शिकल्या-सवरल्या बायका तुमी, आन आख्ख्या गावाचा उतारा पाण्यात सोडता? कुंकवाचे पट्टे ओढून?"

ताईंचं तोंड उघडं राहिलं. मग त्या तिथंच दगडावर बसल्या आणि हसू लागल्या. त्यांना थांबता येईना. त्यांचं बघून शालू हसू लागली. चांगुणाबाईंना कळेना. "येड लागलं का काय हिला," त्या म्हणाल्या.

आदिनाथनं समजावलं. रंग मेंढराचा आहे, नंबर परीक्षेचे आहेत. चांगुणाबाईंनी ऐकून घेतलं. "मंग आधी सांगायचं न्हाई का? आमी इथंच असतो दिवसभर. कालव्यानं काय काय येतं ते आमालाच म्हाईत. तुमी तीन पोरं बसवली तिकडं बाभळीखाली. त्यांनला काय दिसतंय?"

"मग मोसंब्या गेल्या कुठं?"

चांगुणाबाईंनी बांबूनं चारीकडं दाखवलं. हात कुणी लावला नव्हता. बांबूनं एकेक ढकलून चारीत घातली होती. चारीचं फाटक, ते सांभाळणाऱ्या पाटकऱ्याला दटावून, उघडायला लावलं होतं. गावावरची पीडा पुढच्यांच्या वाटेला. त्यांच्या सुनेनं त्याचा व्हिडिओ काढला होता. व्हिडिओवर वेळ होती. दहा चाळीस.

शालूनं ती वेळ लिहून घेतली. चारी मोजायची राहिली होती, आणि ती आपोआप मोजली जात होती.

आम्ही चारीच्या काठानं निघालो. सहा किलोमीटर. वाटेत प्रत्येक वस्तीवर बांबू घेतलेली माणसं भेटली. प्रत्येकानं मोसंबी पुढं ढकलली होती. एकानं तर वर पाचाची नाणी टाकली होती. शेवटी चारी शालूच्या बांधाला लागून असलेल्या एका शेतात शिरली. गव्हाचं रान. दांडातून वाफ्यांत लाल पट्ट्याच्या मोसंब्या पसरलेल्या. बांधावर छत्री घेऊन एक बाई उभ्या होत्या. दिवस उतरत आला होता, तरी छत्री उघडी.

त्या पुष्पाबाई. काकासाहेबांच्या पत्नी.

"मॅडम, आत जाऊ नका," त्या ओरडल्या. "सालगडी पळून गेला. सरांना मी लगेच फोन केल्ता. ते म्हणाले, कुणी हात लावू नका, मी महाराजांना विचारतो."

आदिनाथनं तोंडावर हात ठेवला. वैज्ञानिक दृष्टिकोन मंडळाचे अध्यक्ष.

ताई चिखलात उतरल्या. एकोणसाठ नंबरची मोसंबी उचलली, सोलली आणि खाल्ली. पुष्पाबाई छत्रीआडून बघत राहिल्या. पाच मिनिटं झाली. दहा झाली. ताई उभ्याच होत्या.

"गोड हाय का?" पुष्पाबाईंनी हळूच विचारलं.

"आंबूस हाय. गळीची हाय."

"मंग दोन मला द्या. चटणीला."

सत्त्याण्णव मोसंब्या मिळाल्या. पण त्या शेतात आल्या किती वाजता, हे पुष्पाबाईंना सांगता येईना. घड्याळ बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. फोन केला तेव्हाच त्या पहिल्यांदा दिसल्या, एवढं नक्की. त्यांच्या बटणाच्या फोनात जुनी नोंद राहत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाटबंधाऱ्याच्या साहेबांनी चारीच्या फाटकाला कुलूप घातलं. गोंधळ झाल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. चारीत पुन्हा काही सोडायचं नाही. मोठ्या कालव्यात सोडा. म्हणजे शालूच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर कुलपात गेलं.

मोठा कालवा मात्र झकास झाला. चांगुणाबाईंनी सगळ्या वस्त्यांवर निरोप दिला. देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं, की फळं मॅडमची आहेत, पीडा नाही. दिवस पंचांग बघून धरला. धुण्याच्या प्रत्येक दगडावर दोन-दोन बायका बसल्या. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांनी पट्टे मोजले, खड्यांनी. एकशे वीसपैकी एकशे तेरा शेवटच्या पुलावर पोचल्या. उरलेल्या सात कुठं कुठल्या वाकणात अडकल्या, तेही बायकांनी सांगितलं. चांगुणाबाई म्हणाल्या, "तुमच्या कॉलेजात असंच शिकवतात का? मंग माझ्या नातीचं नाव घाला."

अहवाल तयार झाला. भाषा मी बघितली. काही बदलावं लागलं नाही. पत्नीचे आभार नव्हते.

काकासाहेबांनी तो वाचला. पुन्हा आम्हाला बोलावलं. दार लावून घेतलं.

"मॅडम, प्रकल्प छान आहे. फक्त दुसरं प्रकरण काढा. अमावस्येचं. मोठ्या कालव्याचं तेवढं ठेवा. नाव द्या, 'कालव्याचा वेग: एक अभ्यास'. समितीला मी सांगतो. पेपर राहील."

"सर, दुसऱ्या प्रकरणातच प्रश्नाचं उत्तर हाय."

"त्यात माझं शेत आहे."

"नाव न्हाई लिहिलं. 'चारीच्या टोकाचे शेत' लिहिलंय."

"जिल्ह्यात माझ्या शेताला सगळे ओळखतात."

ताईंनी अहवालातलं ते पान उघडलं. मग म्हणाल्या, "सर, एक उपकार करा. त्या दिवशी घरचा फोन तुम्हाला किती वाजता आल्ता?"

"घरच्या फोनच्या वेळा मी लिहून ठेवत न्हाई."

"मोबाईलमधी असंल."

"मॅडम, तुम्ही पर्यटनाची तयारी करा."

बाहेर मी म्हणालो, "ताई, काढून टाका ना. एक प्रकरण. पेपर वाचेल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मी त्रेचाळीस पोरांचे अहवाल परत केले, कल्याण. खोटे होते म्हणून. आता मीच एक पान फाडू?" मग जिना उतरताना म्हणाल्या, "वेळ माहीत न्हाई, असंच लिहू. ते तर खरं हाय."

शालूनं लिहिलं: चारीच्या टोकाला पोचण्याची वेळ: उपलब्ध नाही.

समिती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आली. तिघं जण. अध्यक्ष एक करड्या केसांच्या बाई, आवाज एकदम कोरडा. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत काकासाहेब, मांडीवर शाल आणि नारळ. मागच्या रांगांत चांगुणाबाई आणि सात-आठ बायका. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, मोजलं आम्ही, तर येणार आम्हीच.

आधी म्हशीचा प्रकल्प झाला. वाटूरचा चौक झाला. मग शालू उभी राहिली. पहिलं प्रकरण ठीक गेलं. दुसरं तिनं बारीक आवाजात सांगायला सुरुवात केली. अमावस्या, लाल पट्टे, बांबू. समितीतले एक गृहस्थ खाली बघून हसत होते. अध्यक्ष बाई हसत नव्हत्या. काकासाहेब नारळाची शेंडी पिळत होते.

शालू थांबल्यावर अध्यक्ष बाईंनी पान उलटलं.

"चारीत शिरण्याची वेळ आहे. अंतर आहे. पोचण्याची वेळ नाही. का?"

शालू ताईंकडं बघू लागली. ताईंनी हनुवटीनंच तिला परत समितीकडं वळवलं. प्रश्न शालूला होता.

"उपलब्ध झाली न्हाई, मॅडम."

"कुणाला माहीत असेल?"

"एका माणसाला असंल."

"विचारलं का?"

"व्हय."

"मग?"

शालूची नजर पहिल्या रांगेतल्या नारळावर जाऊन परत आली.

"प्रश्न चांगला आहे," अध्यक्ष बाई म्हणाल्या. "काम प्रामाणिक आहे. पण वेळ नसेल तर हे प्रकरण नुसती गोष्ट होते. मी गोष्टीला मान्यता कशी देऊ? मूळ प्रश्नाचं उत्तर तर याच प्रकरणात होतं." त्यांनी पेन उघडलं.

मागून चांगुणाबाईंचा आवाज आला. "सांगून टाका की, सर. आमी बी भ्यालो होतो. त्यात काय लाजायचं?"

सगळं सभागृह वळून बघू लागलं. काकासाहेबांनी मांडीवरचा नारळ उचलला. शेजारच्या खुर्चीवर ठेवला. खिशातून मोबाईल काढला. चष्मा कपाळावर चढवला. बोट वर सरकवत राहिले, बराच वेळ. मग उभे राहिले. माणूस भारदस्त, त्यामुळं उभं राहायलाही वेळ लागला.

"तीन वाजून बावीस मिनिटं," ते म्हणाले. "घरून फोन आल्ता. मोसंबी दिसल्या दिसल्या."

अध्यक्ष बाईंनी वर बघितलं. "शेत आपलं?"

"माझं."

"आणि आपण काय केलंत?"

काकासाहेबांनी पुन्हा मोबाईल बघितला. "महाराजांना फोन केला," ते म्हणाले. "त्याची वेळ तीन चोवीस. तीही लिहून घ्यायची असेल तर घ्या."

हसू आधी बायकांच्या रांगेतून आलं. मग पोरं. मग समितीतले ते गृहस्थ. मग काकासाहेब स्वतः, पोट धरून. आदिनाथ बाकावरून खाली आला. मी ताईंकडं बघितलं. त्या हसत नव्हत्या. त्या फळ्याकडं बघत होत्या.

शालू फळ्याशी पोचली होती. दहा चाळीस ते तीन बावीस. चार तास बेचाळीस मिनिटं. सहा हजार मीटर. खडू दोनदा मोडला. तिनं भागाकार केला आणि खाली रेघ ओढली. सेकंदाला साडेपस्तीस सेंटीमीटर.

"म्हणजे पाच तासांच्या आत," ती मोठ्यानं म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "पाण्याला पाच तास बी लागत न्हाई. आमच्याकडं दुसऱ्या दिवशी येतं. म्हणजे मधी अडवतात."

मधल्या गावांतली पोरं एकदम ओरडायला लागली. एक म्हणाला, त्या दिवशी तर सगळ्यांनी पुढं ढकललं होतं, भीतीनं, म्हणून पाच तास. रोज कोण ढकलतंय? दुसऱ्यानं त्याला विचारलं, मंग तू रोज अडवतो का? अध्यक्ष बाईंनी टेबलावर पेन आपटलं. कुणी ऐकेना.

त्यांनी मग मान्यतेच्या कागदावर सही केली. ती चालू गोंधळातच केली, त्यामुळं फक्त ताईंना आणि मला दिसली. ताईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता. उभ्या उभ्या त्यांचा तोल जरासा गेला, आणि त्या खुर्चीला धरून म्हणाल्या, "कल्याण, जमीन हलून राह्यली का रे?"

मी म्हणालो, "व्हय."